रंकाळ्याकाठी घर घेऊ का?

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून कोल्हापूरला आला होता. पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही दोघं रंकाळा तळ्यावर फिरायला गेलो. टॉवरपासून निघून चौपाटीवर येईतो समोर शालिनी पॅलेसच्या मागं सूर्य टेकला होता आणि पाण्यावर तांबूस पट्टा उमटला होता. भेळेचा कागद हातात घेऊन पुतण्या कठड्यावर बसला, तो अर्धा तास उठलाच नाही. मग म्हणाला, "काका, इथंच घर घेऊया म्हणतोय. ऑफिसला महिन्यातनं दोन-तीनदाच जायला लागतंय. तुम्ही काय म्हणता?"

"तुला नेमकं काय आवडलंय ते आधी सांग."

जरा विचार करून तो म्हणाला, "पाणी. आणि इथं कुठंही पंधरा-वीस मिनिटांत पोचतोय, ते."

त्या संध्याकाळी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. माझा जन्म शिवाजी पेठेतला, तळं माझ्या रोजच्या येण्याजाण्यातलं. पण तळ्याकाठच्या मध्यम शहरात राहणं बरं का वाटतं, आणि ते सुख टिकतं कशावर, हे मी कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. त्यानंतर बरंच वाचलं, ओढ्यानाल्यांच्या कडेनं चालून पाहिलं. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे.

त्याच्या दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. माणसं शहरात का येतात? एकाच ठिकाणी खूप माणसं असली की नोकरी मिळते, गिऱ्हाईक मिळतं, चांगला डॉक्टर मिळतो, मुलांना शाळा निवडता येते. शहर वाढतं तसा हा फायदा वाढतो, पण एका मापानंतर साध्या घराला त्याचा उपयोग होईनासा होतो. हृदयाचं ऑपरेशन करणारं चांगलं रुग्णालय गावात नसणं आणि एक असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक असणं आणि चाळीस असणं यात तुमच्या-माझ्या घरापुरता फारसा फरक नाही. उलट प्रवासाचा वेळ, जागेचे भाव, पाण्याची ओढाताण हे शहर वाढतं तसं वाढतच जातं, थांबत नाही. मध्यम शहराची गोडी या दोन चढांच्या मधल्या टप्प्यात असते. सोयी बऱ्यापैकी पोचलेल्या असतात, आणि त्रास अजून हाताबाहेर गेलेला नसतो.

कोल्हापूर त्या टप्प्यावर आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. रेल्वे १८९१ पासून आहे, विद्यापीठ १९६२ पासून. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्र्या आहेत, पलीकडं ऊस आणि दूध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची वाट कोल्हापूरकडं वळली. त्यांच्यामागून वकील येतात, वकिलांमागून कार्यालयं, भाड्याची घरं, खानावळी. कमी आहे ते संगणकाच्या नोकऱ्यांचं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यासाठीच पुण्याला गेली आणि तिकडचीच झाली. पुतण्यासारखी मुलं काम सोबत घेऊन परत येऊ लागली, तर हा आपल्या शहराच्या आयुष्यातला मोठा बदल आहे असं मला मनापासून वाटतं.

आता पाणी.

रंकाळा मुळात दगडाची खाण होती असं सांगतात. अंबाबाईच्या देवळाला इथला दगड गेला, पुढं भूकंपात जमीन खचली, झरे फुटले आणि खाणीचं तळं झालं. हे परंपरेनं आलेलं आहे. नावसुद्धा काठाच्या रंकभैरवावरून आलं असं मानतात. आज पाण्याचा पसारा शंभर हेक्टरांच्या घरात आहे, आणि पूर्ण फेरी मारली की चार-साडेचार किलोमीटर चालणं होतं.

एवढं पाणी शहराला काय करतं? उन्हात दगड आणि पाणी शेजारी ठेवले, तर तेवढ्याच वजनाच्या पाण्याला तेवढंच तापायला दगडाच्या चार-पाच पट उष्णता लागते. म्हणून एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्ता पोळतो आणि तळ्यात पाय घातला की गार लागतं. त्याहून मोठं काम बाष्पीभवनाचं. पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतून आणि पाण्यातूनच घेतली जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. हिशेब करून बघा. कडक उन्हाळ्याच्या दिवशी उघड्या तळ्याची पातळी सहा-सात मिलिमीटर उतरते. शंभर हेक्टरांवर सात मिलिमीटर म्हणजे सत्तर लाख लिटर, दहा हजार लिटरचे सातशे टँकर. एवढं पाणी एका दिवसात वाफ होऊन जातं आणि जाताना काठाची उष्णता घेऊन जातं. हा गारवा लांबवर पोचत नाही, काठापासून काही शे मीटरच. पण मे महिन्यात बिंदू चौकातून निघून संध्याकाळी साडेसहाला रंकाळ्यावर आलात, तर तेवढ्या अंतरात अंगाला फरक कळतो.

माझ्या मते मात्र तळ्याचं सगळ्यात मोठं देणं गारवा नाही, तर मोकळी कड आहे. पाण्यावर इमारत बांधता येत नाही. शहर कितीही दाटलं तरी मधोमध एक जागा उघडी राहते, आणि तिच्या काठानं चालायला पैसे पडत नाहीत. पहाटे साडेपाचला फेरीला निघालात तर तालमीतून आलेली पोरं पळत असतात, निवृत्त शिक्षक गटानं राजकारण बोलत असतात, नऊवारीतल्या आजी चप्पल हातात घेऊन गवतावरून चालत असतात. भिशी, सोयरीक, जमिनीचे व्यवहार, सगळं त्या कठड्यावर ठरतं. गॅलरीतून तळं दिसणारा फ्लॅट महाग असतो, कारण ते दृश्य बिल्डरनं किमतीत धरलेलं असतं. कठड्यावर बसून दिसणारं दृश्य तेच आहे. पुतण्याला मी हे पहिल्यांदा सांगितलं: दिसण्याचे पैसे देऊ नकोस, चालत पोचता येईल एवढ्या अंतरावर घर बघ.

एक गोष्ट कोल्हापुरातल्याही बऱ्याच तरुणांना ठाऊक नसते. या शहरात एकेकाळी तळीच तळी होती, आणि त्यातली बरीचशी आपण बुजवली. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच रंगते तेव्हा पेठापेठांतली माणसं जिथं ओरडत असतात, तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. कपिलतीर्थावर आज भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे, आणि मोठा पाऊस झाला की त्या मैदानात अजूनही पाणी साठतं. पाण्याचा उतार बदललेला नाही, फक्त त्याचं साठायचं ठिकाण आपण काढून घेतलं. उरलेल्यांत रंकाळा आणि कोटीतीर्थ, गावाबाहेर राजाराम तलाव आणि कळंबा. कळंब्याचं पाणी तर एकोणिसाव्या शतकापासून उतारानंच शहरात येत होतं, त्याला पंप लागत नव्हता.

तळं बुजवलं की काय जातं? पावसाचा मारा थोपवणारं भांडं जातं. तास-दीड तास मुसळधार कोसळलं तर तळं ते पाणी पोटात घेतं आणि सांडव्यातून हळूहळू सोडतं. तळं नसेल तर तेच पाणी रस्त्यानं धावतं. शिवाय तळ्यातून मुरलेल्या पाण्यावर भोवतालच्या विहिरी जगतात. इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. २०१९ आणि २०२१ चा महापूर रंकाळ्यानं अडवला नसता. तो पंचगंगेचा पूर होता. घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणांतून सुटलेलं पाणी आणि नदीच्या पात्रालगतची बांधकामं यांचं ते गणित आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी धरतात, आणि त्या दोन्ही वर्षी ते त्याच्या कितीतरी वर होतं. घर घेणाऱ्यानं ही दोन पाणी वेगळी ओळखावीत. एक नदीचं, जे खालून वर चढतं. दुसरं उताराचं, जे वरून खाली येतं.

रंकाळ्याचं सुखदुःख या दुसऱ्या पाण्यात आहे. तळं म्हणजे दिसणारं पाणी नव्हे. ज्या ज्या जमिनीवर पडलेला थेंब वाहत वाहत तळ्यात येतो, ती सगळी जमीन तळ्याचीच. त्याला पाणलोट म्हणतात. रंकाळ्याचा पाणलोट दक्षिणेला आणि पश्चिमेला चढत जातो. माझ्या लहानपणी तिकडं माळ होता, शाळू होता, पावसाळ्यात ओढे खळखळत यायचे. आज तिथं वसाहती आहेत, कॉलन्या आहेत, अपार्टमेंट्स आहेत. ओढे तेच आहेत, आता त्यांना नाले म्हणतात. शहर वाढलं ते नेमकं तळ्याच्या डोक्यावर वाढलं, आणि त्याला कारणही तळंच होतं, कारण सगळ्यांना रंकाळ्याजवळ राहायचं होतं.

आता घराघरातून काय वाहतं बघा. मैला, साबण, कपड्यांची पावडर, खरकटं. यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) असतं, उसाला आपण खत म्हणून देतो तेच. तळ्यात गेलं तरी ते खतच राहतं. शेवाळ वाढतं, केंदाळ म्हणजे जलपर्णी पसरते. एक किलो स्फुरद पाण्यात आलं तर पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसू शकतं, इतकं थोडक्यात काम होतं. शास्त्रात याला सुपोषण म्हणतात. नाव चांगलं असलं तरी तळ्याला ते आजारासारखं असतं.

हा आजार डोळ्यांनी बघायचा तर उन्हाळ्यात, ऐन पहाटे जायला हवं. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, त्यामुळं दुपारी सगळं ठीक वाटतं. रात्री ऊन नसतं. तेव्हा शेवाळही श्वास घेतं, मासेही घेतात, आणि तळाशी कुजणारं मेलेलं शेवाळ खाणारे जंतूही घेतात. रात्रभर सगळे मिळून पाण्यातला प्राणवायू संपवत आणतात आणि तो सर्वांत कमी होतो तो उजाडण्याच्या आधी. एका मे महिन्यात मी पाच वाजता काठावर उभा होतो. पाणी हिरव्या रंगासारखं दाट, वास उग्र, आणि कडेला शेकडो मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. बारीक टप्-टप् आवाज येत होता, पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा. शेजारी उभा असलेला गळवाला म्हणाला, "आज गळ टाकायचा नाही. ते आधीच मरायला टेकल्यात." त्यानं दोरी गुंडाळली आणि गेला. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

उपाय काय? वरवरचे बरेच आहेत. केंदाळ काढणं, कारंजी लावणं, औषध मारणं. तेही करावं लागतं. पण गाठ आहे ती खत आत येण्याची. घराचं सांडपाणी गटारीच्या नळीतून प्रक्रिया केंद्रात गेलं पाहिजे. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटर, म्हणजे ७ कोटी ६० लाख लिटर पाणी शुद्ध करू शकणारं केंद्र आहे. केंद्र असून भागत नाही, प्रत्येक घर नळीनं त्याला जोडलेलं असावं लागतं. जे घर जोडलेलं नाही त्याचा शौचखड्डा भरून वाहतो, शेजारच्या नाल्यात जातो आणि नाला उतारानं जिथं जायचं तिथंच जातो. रंकाळ्याला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी वळवण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ते जितकं पुढं गेलं तितका फरक पाण्यात दिसलाही. गणपती आता मोठ्या संख्येनं शेजारच्या इराणी खणीत विसर्जित होतात, त्यानंही भार कमी झाला. आपल्या जुन्या माणसांना हे तत्त्व ठाऊक होतं. रंकाळ्याच्या परिसरात 'धुण्याची चावी' नावाची जागा आहे. कपडे तळ्यात बुडवून न धुता, पाणी बाहेर घेऊन धुवायची ती सोय.

आजारी तळं बरं होतं का? होतं. अमेरिकेतल्या सिएटल शहराला लागून लेक वॉशिंग्टन नावाचा मोठा तलाव आहे. १९५० च्या दशकात भोवतालच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही त्यातच सोडत असत. त्यातलं स्फुरद पाण्यात उरायचं आणि तलाव शेवाळानं गढूळ झाला. अडचण अशी की सांडपाणी अनेक गावांचं होतं आणि तलाव सगळ्यांचा. एकट्या सिएटलनं काही करून भागणार नव्हतं. १९५८ मध्ये या सगळ्यांसाठी एकच सांडपाणी यंत्रणा उभारायची का, यावर मतदान घेतलं. पहिल्यांदा ते पडलं, त्याच वर्षी पुन्हा घेतलं तेव्हा लोकांनी हो म्हटलं. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तलावातून वळवलं आणि काही वर्षांतच पाणी स्वच्छ दिसू लागलं.

हे मी कोल्हापूरच्या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आपली अडचण हुबेहूब तीच आहे. महानगरपालिका झाली १९७२ साली, आणि तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. ती ६६.८२ चौरस किलोमीटरवर थांबली. माणसं थांबली नाहीत. पाचगाव, कळंबा, उचगाव अशा भोवतालच्या गावांत वस्ती वाढत गेली. शहरवाल्यांना हद्दवाढ हवी असते, गावकऱ्यांना घरपट्टी वाढेल आणि शेतीवर आरक्षण पडेल अशी भीती वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण पाण्याला हद्द कळत नाही. ओढ्याच्या वरच्या टोकाला ग्रामपंचायत आणि खालच्या टोकाला महापालिका असली, तरी घाण एकाच तळ्यात येते. हद्दवाढीचं भिजत घोंगडं राहिलं तर राहू दे, पण सांडपाण्यापुरतं तरी शहरानं आणि गावांनी एकत्र बसावं. मला ही गोष्ट रस्त्यांपेक्षा आणि उड्डाणपुलांपेक्षा निकडीची वाटते.

रंकाळ्याच्या काठी नंदीचं देऊळ आहे. लहानपणी आजी सांगायची की तो नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी पाण्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. पुतण्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे रोजचा फरक एवढासाच, पण दिशा ठरलेली." तळ्याचा गाळ, काठावरचं बांधकाम, आत येणारं पाणी, सगळं असंच चालतं. एका दिवसात काही दिसत नाही.

यंदा जूनमध्ये तो पुन्हा आला, फ्लॅट बघायला. मी म्हटलं होतं, उन्हाळ्यात घर बघू नकोस, पावसात बघ. त्या दिवशी दुपारपासून धो धो कोसळत होता. पहिली इमारत छान होती, तिसऱ्या मजल्यावरून रंकाळ्याचा तुकडा दिसत होता. खाली उतरल्यावर आम्ही छत्र्या उघडल्या आणि गेटपासून पाण्याच्या मागं मागं चालू लागलो. गेटमधून रस्त्यावर, रस्त्यावरून उघड्या गटारीत, गटारीतून दोन कॉलन्यांच्या मधल्या नाल्यात. नाल्याचं पाणी नुसतं मातकट नव्हतं, काळपट होतं, फेस होता. पुतण्यानं तिथूनच इमारतवाल्याला फोन लावला. "मैल्याचं पाणी कुठं सोडलंय हो? गटारीच्या लाइनला जोडलंय का?" पलीकडून पार्किंगबद्दल, लिफ्टबद्दल, बँकेच्या कर्जाबद्दल उत्तरं आली.

दुसऱ्या इमारतीच्या वॉचमननं मात्र स्वतः झाकण उचलून दाखवलं. चेंबर, त्यातली नळी, आणि ती रस्त्याखालच्या लाइनला कुठं मिळते ते. पावसाच्या पाण्यासाठी वेगळा पाइप होता आणि तो बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलेला होता. या घराच्या गॅलरीतून तळं दिसत नव्हतं, समोर दुसऱ्या बिल्डिंगची टाकी होती.

"इथनं रंकाळा किती लांब?" पुतण्यानं विचारलं.

"चालत बारा मिनिटं," वॉचमन म्हणाला. आम्ही चालून पाहिलं. पावसात चौदा लागली.